आडवी गिटार

काचीगुडा, रात्रीचे साडेदहा. पाऊस लागलाय, वीज गेलीय. मोबाईलवर ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावलं. १९६७ची ही ध्वनिमुद्रिका लोक शिवकुमार शर्मांच्या संतूरसाठी, हरिप्रसादांच्या बासरीसाठी ऐकतात. मी ऐकतो ब्रिजभूषण काब्रांच्या गिटारसाठी.

जोधपूरचा हा माणूस, अली अकबर खाँचा शिष्य. तोवर आपल्याकडे ही हवाईयन गिटार म्हणजे सिनेमाच्या गाण्यांची. काब्रांनी ती मांडीवर आडवी घेतली, चिकारीच्या तारा चढवल्या आणि राग वाजवला.

लहानपणी सुलतान बाजारातून आणलेल्या गिटारवर मीही प्रयोग केला होता. स्टीलची वाटी तारेवर घासली. शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी गिटार ओरडली! तेव्हा कळलं, मींड म्हणजे नुसती घसरण नव्हे. तारेवर सरकवायची नळी पडद्याच्या नेमकी वर थांबली नाही की सूर बेसूर. काब्रा तिथे थांबतात, किंचित रेंगाळतात, मग पुढच्या सुरावर उतरतात. शब्द नाहीत, तरी गायल्यासारखं वाटतं. पुढे विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेला, म्हणजे अशाच आडव्या गिटारला, १९९४चं ग्रॅमी मिळालं, गाजावाजाही झाला. काब्रांच्या वाट्याला त्या मानानं फारच कमी आलं, आणि हे मला पटत नाही.

२०१८मध्ये ते गेले. वीज अजून आलेली नाही. बॅटरी बारा टक्के.