उएनोच्या टेकडीवरचे पुतळे आणि हत्ती

टोकियोच्या उएनो स्टेशनजवळच्या पायऱ्या चढून उद्यानात आलं की पहिली गाठ पडते ती कुत्रं घेऊन निघालेल्या एका धिप्पाड गृहस्थाशी. हे साइगो ताकामोरी. १८६८ साली शोगुनची सत्ता उलथवणारे सेनानी. पुढे नव्या सरकारशीही त्यांचं बिनसलं, १८७७च्या बंडात ते गेले. तरीही १८९८ साली पुतळा उभा राहिला, पण सेनापतीच्या गणवेशात नव्हे; सशाच्या शिकारीला निघाल्यासारखा, साध्या सुती कपड्यांत.

पर्यटक फोटो काढतात आणि पुढे जातात. जरा मागे वळलं तर झाडीत एक दगडी समाधी आहे. ४ जुलै १८६८ रोजी याच टेकडीवर साइगोंच्या फौजेशी लढून पडलेल्या शोगुननिष्ठांची. दगडावर चारच अक्षरं: लढाईत मेलेल्यांची कबर. पथकाचं, ‘शोगिताय’चं, नाव नाही. राज्य जिंकणाऱ्यांचं होतं. नाव कोरायची सोय नव्हती.

ही सारी टेकडी तेव्हा कानेइ-जी मंदिराची होती. ईशान्येकडून येणारं अरिष्ट एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, किल्ल्यापर्यंत पोचू नये म्हणून तेनकाई या भिक्षूने ते १६२५ साली उभारलं. लढाईत बराचसा भाग जळाला. सरकारला त्या जागी वैद्यकीय शाळा आणि रुग्णालय हवं होतं, पण बाउदाँ नावाच्या डच डॉक्टरने सुचवलं, ही झाडी राखा, बाग करा. १८७३ साली उएनो जपानच्या पहिल्या सार्वजनिक उद्यानांपैकी एक ठरलं. शंभर वर्षांनी डॉक्टरांचा पुतळा बसवला, तर चेहरा त्यांच्या भावाचा निघाला! ती चूक २००६ साली दुरुस्त झाली.

उद्यानातलं प्राणिसंग्रहालय १८८२चं. १९४३ साली, बाँबहल्ल्यात जनावरं मोकाट सुटतील या भीतीने, त्यांना मारण्याचा हुकूम आला. हत्तींनी विषारी बटाटे ओळखले आणि फेकून दिले. मग त्यांना उपाशी ठेवलं. सप्टेंबरात मेलेल्या जनावरांसाठी श्रद्धांजलीचा सोहळा झाला, तेव्हा दोन हत्तिणी अजून जिवंत होत्या.

युद्धानंतर मुलांनी हत्तीसाठी पंडित नेहरूंना शेकडो पत्रं लिहिली. १९४९ साली नेहरूंनी हत्तीण पाठवली, नाव लेकीचंच: इंदिरा. ती १९८३पर्यंत इथेच राहिली.

मेलेल्या प्राण्यांचं स्मारकही प्राणिसंग्रहालयाच्या आतच आहे. एरवी सोमवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं, तेवढं लक्षात ठेवून बेत आखावा.