आधी ओळख, मग जीवदया



आपल्यातल्या कितीतरी जणींची लेकरं आता ऑस्ट्रेलियात आहेत. नातवंडं सांभाळायला आपण सहा-सहा महिने जाऊन राहतो. मी ब्रिस्बेनला लेकीकडे राहून आले तेव्हापासून एकच प्रश्न सगळ्या विचारतात, “तिकडे घराघरात साप निघतात म्हणे?” म्हणून आज त्याबद्दलच लिहिते.

निघतात. पण नुसते साप नाहीत. शहराच्या मध्यभागी रोमा स्ट्रीटच्या बागेत वॉटर ड्रॅगन नावाचे मोठे सरडे भर रस्त्यात ऊन खात बसलेले असतात. झाडाझुडपांच्या भागात घराच्या छपरात कार्पेट पायथन म्हणजे अजगर मुक्कामाला येतो. तो विषारी नसतो, उंदीर खातो. आणि भिंतीवर चुकचुकणारी पाल असते ती तर आपल्याच बाजूची. आशियातून जहाजांबरोबर तिकडे पोचलेली. पहिल्या रात्री तिचा आवाज ऐकून मला सांगलीच्या घरात असल्यासारखं वाटलं.

लेकीच्या परसात मात्र मानाचा पाहुणा होता ब्लू-टंग. ही आपल्या सापसुरळीच्या कुळातली, पण केवढी! शेपटीसकट दीड-दोन फूट. पाय इवलेसे, त्यामुळे गवतात नुसती पाठ दिसली की सापच वाटतो. घाबरली की तोंड उघडून निळीशार जीभ बाहेर काढते. तेवढंच तिचं शस्त्र. विष नाही. अंडी न घालता थेट पिल्लं देते. गोगलगायी, किडे, फुलं, पडलेली फळं खाते.

आपल्याकडे पाल दिसली की आधी किंचाळी आणि मग झाडू, हे आपण आईकडून शिकलो आणि तिने तिच्या आईकडून. चार वर्षांच्या पीहूच्या बालवाडीत एक बाई पेट्यांमधून प्राणी घेऊन आल्या, तेव्हा मी मागे बसून बघत होते. ब्लू-टंग बाहेर काढल्यावर पोरांनी आधी तिच्याकडे बघितलंच नाही. सगळ्यांनी आपापल्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं. आपण ओठ मुडपला की पोर मागे सरकतं. मी तोंड शांत ठेवलं. आतून काय होत होतं ते माझं मला माहीत! बाईंचे नियम साधे होते: जमिनीवर बसायचं, ओरडायचं नाही, डोक्याकडे हात न्यायचा नाही, दोन बोटांनी पाठीवरून शेपटीकडे हलकेच फिरवायचं आणि नंतर साबणाने हात धुवायचे, कारण या प्राण्यांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

खरी परीक्षा पुढे आली. सात वर्षांचा अर्हम हट्टाला पेटला, “आजी, मला अजगर पाळायचाय.” तिथे परवाना काढून पाळता येतो, रानातून मात्र धरून आणता येत नाही. त्याच्या वर्गातल्या एकाकडे होता. पण त्याला खायला मेलेले, गोठवलेले उंदीर विकत आणावे लागतात. जावई म्हणाले, “आई, तुम्हीच समजवा.” मी त्याला सांगितलं, “बाळा, अजगर उंदीर खातो यात त्याचं पाप नाही, तो तसाच जन्मला. पण त्याच्यासाठी उंदीर मारायला लावायचे आणि वर त्याला काचेत कोंडायचं, हे आपण कशाला करायचं? परसातली ती बाई आपलीच आहे की, पिंजऱ्याशिवाय.” दोन दिवस रुसला. मग वहीत तिची हजेरी मांडायला लागला, तारीख आणि वेळ घालून. बीकॉम आजीचा नातू!

त्या हजेरीमुळेच दुसरी गोष्ट सुटली. लेकीने लावलेली मेथी गोगलगायी रातोरात फस्त करत होत्या. तिने दुकानातून गोगलगायी मारायच्या गोळ्या आणल्या. मारणं आपल्याला पटणारं नव्हतंच, पण अर्हमने डब्यावरची सूचना वाचली आणि विचारलं, “विष खाल्लेली गोगलगाय ब्लू-टंगने खाल्ली तर?” अगदी खरं. तिकडे त्या अशानेही मरतात. डबा परत गेला. आता मेथी उंच कुंड्यांमध्ये आहे आणि सूर्यास्तापूर्वी जेवणं उरकली की दोघं भावंडं गोगलगायी अलगद उचलून लांबच्या झुडपात सोडतात. मेथी थोडी कमी मिळते. चालतं.

आता भीतीचा हिशेब. ईस्टर्न ब्राउनसारखे अतिशय विषारी साप तिकडे आहेत, हे खरं. तरी ऑस्ट्रेलियात वर्षाला सर्पदंशाने सरासरी दोन-तीन माणसं दगावतात. भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तिकडे मुलांना शिकवतात ते असं: साप दिसला की जागीच थांबायचं, हळूहळू मागे जायचं, मोठ्यांना सांगायचं. काठी घ्यायची नाही, कारण बरेचसे दंश मारायला किंवा धरायला गेल्यावरच होतात. शिवाय क्वीन्सलँडमध्ये १९९२ च्या कायद्याने देशी प्राण्यांना संरक्षण आहे. साप धरणाऱ्याला फोन केला की तो येऊन नेतो. दंश झालाच तर जखम धुवायची नाही, पूर्ण हात किंवा पाय इलॅस्टिक बँडेजने घट्ट गुंडाळायचा, हलायचं नाही आणि ००० ला फोन करायचा. जाणाऱ्या आजींनी हा नंबर पाठच करावा.

पार्श्वनाथ भगवंतांची गोष्ट मी दोघांना सांगितली. जळत्या लाकडात नाग आहे हे राजकुमारांनी ओळखलं आणि ते फोडायला लावलं. अर्हमने लगेच विचारलं, “तो विषारी होता का?” मी म्हटलं, “असेल. त्यांनी ते विचारून दया केली नाही. पण लाकडात जीव आहे हे आधी ओळखलं, म्हणून तर दया करता आली.”

मैत्रिणींनो, पाठशाळेत आपण मुलांकडून एकेंद्रिय ते पंचेंद्रिय घडाघडा म्हणवून घेतो. त्या यादीतला एखादा जीव परसात दिसला की तिथेच थांबून तो काय खातो, कुठे राहतो, त्याच्यापासून किती लांब उभं राहायचं, एवढं दाखवा. ब्रिस्बेन असो की सांगली, त्यासाठी झाडू मात्र आधी खाली ठेवावा लागतो.