परतीचे तिकीट

मुंबईकर कर्जतला उतरतो तो सहसा वडा खायला, नाहीतर डोंगर चढायला. गेल्या श्रावणात आम्ही उभयता उतरलो तेव्हा वड्याचा पुडा हातात होताच; पण रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तो श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचा. वाटेत भाताची खाचरे तुडुंब भरली होती.

रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणायचे, बरे करायचे आणि घरी पोचवायचे, हे काम डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता या दांपत्याने १९८८ साली मुंबईत सुरू केले. गटारातले पाणी करवंटीने पिणारा एक तरुण त्यांना दिसला होता. उपचारांनंतर कळले की स्वारी विज्ञानाची पदवीधर! कर्जतचे केंद्र २००६ चे, आणि मॅगसेसे पुरस्कार २०१८ चा.

मला तिथे नेले ते मात्र पुरस्काराने नव्हे. दादरच्या पुलावर एक बाई बसत असे. डोक्याच्या जटा झालेल्या, मांडीवर चिंध्यांचे गाठोडे. ते ती मूल थोपटावे तशी थोपटायची. वर्षभर तिला वळसा घालून मी गाडी पकडली. मग ती दिसेनाशी झाली. "चौकशी तरी केलीत का?" सौ.ने विचारले. केली नव्हती.

कर्जतच्या बायकांत ती नव्हती. मी दोनदा पाहिले.

ओसरीवर बायका तांदूळ निवडत होत्या. औषधाने मन ठिकाणावर आले की कुणाला स्वतःचे नाव आठवते, कुणाला नुसते एखादे स्टेशन, नाहीतर आठवड्याच्या बाजाराचे गाव. तेवढ्या धाग्यावरून कार्यकर्ते घर शोधतात. पण घर सापडले म्हणजे दार उघडतेच असे नाही. नवऱ्याने दुसरा संसार थाटलेला असतो, मुले परक्यासारखी बघतात. शिवाय गोळ्या सुटल्या की दुखणे उलटते; ते घरच्यांना समजावणे हेही कार्यकर्त्याकडेच.

त्या दुपारी विदर्भातल्या एका बाईच्या घरी फोन लागला. घर सोडले तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. आता ती अकराची.

"माय बोलतो," बाई म्हणाली.

पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. मग बारीक आवाज आला, "माह्या मायच्या हातावर काय गोंदलं हाये?"

बाईने पदर सारला आणि मनगटावर बोट फिरवत मुलीचे नाव सांगितले. पुन्हा शांतता. हिला काय बोलावे सुचेना; शेवटी म्हणाली, "जेवली का वं?"

सौ. उठून बाहेर गेली. वड्याचा पुडा तसाच गार झाला होता.

कार्यकर्ता सोबत जायचा होता. तिकिटांचा हिशेब तो कागदावर मांडू लागला, तशी बाई हळूच पुढे सरकली.

"माह्यं परतीचं नको काढजो, दादा."