पुण्याहून आणि पुण्यावरून

इंग्रजी भाषेच्या नेमकेपणाची स्तुती सुशिक्षित घरांत इतक्या वेळा कानी पडते की, ती पारखून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. आम्हीही त्या भाषेचे ऋणी आहोत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आमचा पिंड पोसला आणि आज घरातील मुलांस आम्ही इंग्रजी शिकवितो तेही बरेचसे त्याच वळणाने. परंतु शिकविता शिकविता एक ठिकाण असे येते की, तेथे मुले इंग्रजीपाशी अडखळतात आणि आम्हांस मात्र मराठीकडे नव्याने पाहावेसे वाटते. ते ठिकाण म्हणजे एखादी वस्तू कोठे होती व कोठून निघाली, या दोन गोष्टी एकदम सांगण्याचे.

मांजर टेबलाखालून निघाले, हे वाक्य घ्या. इंग्रजीत 'अंडर' जागा सांगतो आणि 'फ्रॉम' निघणे सांगतो. दोघांस एकामागे एक उभे करून 'फ्रॉम अंडर द टेबल' म्हणावे लागते. 'फ्रॉम बिहाइंड', 'फ्रॉम अमंग', 'फ्रॉम विदिन' ही सारी त्याच घडणीची. त्यांच्या आधी आणखी एखादे क्रियाविशेषण जोडून 'आउट फ्रॉम अंडर' अशी तीन शब्दांची माळही ती भाषा सहज ओवते, आणि 'डाउन फ्रॉम', 'बॅक फ्रॉम' अशा जोड्यांनी येणारा उतरून आला की परतून आला हेही सांगते. ही सोय मोठी खरी. मौज अशी की, 'फ्रॉम अंडर' चालते, पण 'फ्रॉम अ‍ॅट' चालत नाही, आणि टेबलावरची वस्तू उचलली तर 'फ्रॉम ऑन' न म्हणता बहुधा 'ऑफ' या वेगळ्याच शब्दाचा आश्रय करावा लागतो. याचे कारण मुले विचारतात. रूढी यापलीकडे उत्तर देता येत नाही.

मराठीने हे काम एका 'ऊन'वर भागविले आहे. खाली-खालून, मागे-मागून, आत-आतून, कडे-कडून. शब्दयोगी अव्ययालाच पंचमीचा प्रत्यय लागला की जागा आणि निघणे एकाच शब्दात नांदू लागतात. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 साली निघाले आणि मोरो केशव दामल्यांचे 1911 साली. विभक्तींविषयी व्याकरणकारांचे वाद पुष्कळ झाले, पण हा 'ऊन' आपला घरोघर राबतोच आहे. संस्कृतात 'कुतः', 'ततः', 'इतः' ही त्याच जातीची रूपे आहेत. इंग्रजीतही एके काळी 'व्हेन्स', 'देन्स', 'हेन्स' असे एकेका शब्दात 'कोठून, तेथून, येथून' सांगणारे शब्द रुळलेले होते. पुढे त्यांच्यावरील विश्वास उडाला असावा, कारण 1611 च्या बायबलाच्या भाषांतरातही 'व्हेन्स'च्या मागे आणखी एक 'फ्रॉम' आढळतो. आता ते शब्द ग्रंथांतच उरले, आणि बिचारा 'फ्रॉम' वाक्याच्या शेपटाशी जाऊन बसला. असे शब्दयोगी वाक्याच्या शेवटी टाकण्यास कवी ड्रायडन याने 1672 साली हरकत घेतली होती. लोकांनी ती मानली नाही.

आम्हां सोलापूरकरांस या बाबतीत शेजार चांगला लाभला आहे. कानडी मनुष्य 'एल्लिंद' म्हणतो. त्यात 'एल्लि' म्हणजे कोठे, आणि पुढचा 'इंद' आपल्या 'ऊन'सारखाच चिकटलेला. विणकरांच्या पेठांतून तेलुगू ऐकावी तर 'एक्कडि नुंचि'. तेथे 'नुंचि' हा शब्द वेगळा राहतो, पण राहतो मागेच. एका बाजारात उभे राहून तीन भाषांत 'कोठून' विचारता येते आणि तिन्हींत निघण्याची खूण शब्दाच्या मागेच सापडते. ती पुढे मांडण्याची इंग्रजीची रीत मुलांस परकी वाटते, यात नवल ते काय?

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी उचलली ती सांगतो. अलीकडे तरुण मंडळी सर्रास 'मी पुण्यावरून आलो' असे म्हणतात. नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि वृत्तपत्रेही तसेच म्हणू लागली आहेत. 'फ्रॉम' एकच असल्याने मराठीतही एकाच शब्दाने भागावे, असे मनात कोठे तरी बसले असावे. वास्तविक आपल्याकडे याची कसोटी अगदी सोपी आहे. मनुष्य आधी कोठे होता ते विचारावे आणि त्याच उत्तरास 'ऊन' अथवा 'हून' जोडावा. बाजारात होता तो बाजारातून येतो, गच्चीवर होता तो गच्चीवरून, काकांकडे होता तो काकांकडून, घरी होता तो घरून. स्टेशनवर होता म्हणून स्टेशनवरून, हेही शुद्धच. पण पुण्यावर कोण राहतो? राहतात ते पुण्यास; म्हणून ते पुण्याहून यावयाचे. 'पुण्यावरून' यावयाची ती मुंबईची गाडी, जी पुण्यास लागून पुढे सोलापुरास येते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही, हे आमच्या घराने एकदा चांगले अनुभविले आहे. 1988 च्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या काकू एकाएकी आजारी पडल्या. त्यांचा मुलगा मुंबईस नोकरीस होता. आमच्याकडे तेव्हा दूरध्वनी नव्हता. शेजारी निरोप आला तो एवढाच : 'सकाळी निघालो, पुण्यावरून येतो.' वडीलधाऱ्यांनी सरळ अर्थ घेतला की, स्वारी मुंबईहून निघाली आहे आणि पुण्यावरून सायंकाळपर्यंत पोहोचेल. दुपारी काकूंस तपासणीसाठी इस्पितळात न्यावयाचे ठरले, तशी सारी मंडळी निघाली आणि वाड्यास कुलूप लागले. तो मात्र कामानिमित्त आदल्या दिवसापासून पुण्यातच होता. तेथून सोलापूर सुमारे अडीचशे किलोमीटर. तो दुपारीच दारात उभा राहिला. ज्या दारास त्याच्या जन्मात दिवसाउजेडी कधी कुलूप लागले नव्हते, त्या दारास कुलूप! शेजारीही घरी नव्हते. दीड तास तो पायरीवर बसून होता. त्या दीड तासात त्याने काय काय मनात आणले, हे त्याने कोणास सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. काकू बऱ्या होऊन घरी आल्यावर एवढेच म्हणाल्या, "अरे, पुण्याहून म्हणाला असतास, तर तुझ्या पानासाठी कोणी तरी मागे थांबले नसते का?"

भाषा बदलते, हे आम्हांस ठाऊक आहे, आणि बहुसंख्यांनी उचललेला शब्द कोणाच्या रागावण्याने खाली ठेवला जात नाही हेही. परंतु येथे जुना शब्द जाऊन नवा येत नाही. दोन अर्थांचे दोन शब्द होते, तेथे एक उरतो. आमच्या सोलापूरचा किल्ला भुईकोट. म्हणून आमची मुले 'किल्ल्यातून' येतात. सिंहगडास जाऊन आलेली 'गडावरून' येतात. ती चढून गेली होती की सपाटीवरच हिंडत होती, हे त्या दोन अक्षरांनी ऐकणारास कळते. इंग्रजीत दोन्हीकडे बहुधा 'फ्रॉम द फोर्ट' एवढेच म्हणून भागवितात.

परदेशी गेलेल्या मुलांची अडचण निराळी. तेथे 'तुम्ही कोठून' असा प्रश्न पडला की, आज कोठून आलात, राहता कोठे आणि मूळचे कोठले, या तिन्ही गोष्टी त्यात एकवटलेल्या असतात. आमच्या एका नातवास दर वेळी उलट विचारावे लागते. आपल्याकडे 'कोठून आलात' हा पाहुण्यास विचारण्याचा प्रश्न, आणि 'आपण कोठले' हा ओळख करून घेण्याचा.

हाच नातू सुटीत येथे आला असता भीमा नदीविषयी त्यास निबंध लिहावयाचा होता. भीमाशंकरास 'हून' लावू की 'वरून', असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, तिचा उगम कोठे आहे ते आधी सांग. 'डोंगरात,' तो म्हणाला, आणि थोडा विचार करून त्याने आपल्या हाताने लिहिले : भीमा भीमाशंकराच्या डोंगरातून निघते, पंढरपुरावरून वाहते आणि पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेस मिळते.