आधी वही, मग बॅटरी

मुलुंड पूर्व,
गुरुवार, रात्र

चि. केतकी,


दुपारी फोनवर तू म्हणालीस, "मामा, दुकानदार म्हणतोय गाडीतल्या दोन्ही बॅटऱ्या गेल्यात. तशाच दोन नव्या घेते, उद्या पैसे देऊन टाकते." मी हो-नाही काहीच बोललो नाही, पण जेवण झाल्यापासून तेच डोक्यात आहे. हे फोनवर सांगून होणारं नाही. तू वाचशील, निखिललाही वाचायला देशील, म्हणून लिहितो. उद्या पैसे देऊ नकोस.

गुहागरची रात्र ताईनं मला दोनदा सांगितली. समुद्राकाठी गाडी लावलेली, मे महिना, वारा पडलेला. रात्री दोनच्या सुमारास फ्रीज बंद पडला आणि ती उठून बसली, कारण तिचं इन्सुलिन त्यात होतं. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहायला हवं आणि मे महिन्यात कोकणातली रात्रही सहसा 25 अंशांच्या खाली फारशी उतरत नाही. सकाळी तुम्ही बर्फ मिळवलात, निभावलं. पण तुझ्या आईला त्या गाडीत पुन्हा निर्धास्त झोप लागावी, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप आहे. गाडीतला दिवा गेला तर टॉर्च चालतो. फ्रीजचं तसं नाही.

माझी नोकरी वाडीबंदरच्या डेपोत, ट्रेन लायटिंगला गेली, हे तुला ठाऊक आहे. तू लहान असताना विचारायचीस, गाडी उभी असली तरी डब्यातला पंखा कसा फिरतो? डब्याच्या पोटाशी बॅटऱ्यांच्या पेट्या असायच्या. एसी डब्याखाली दोन-दोन व्होल्टचे 56 सेल, सगळे मिळून 110 व्होल्ट. डबा धावू लागला की आसावरच्या पट्ट्यानं अल्टरनेटर फिरायचा आणि बॅटऱ्या भरायचा. उभा राहिला की बॅटऱ्यांवर पंखे-दिवे. म्हणजे तुमचं हे फिरतं घरच, फक्त रुळांवरचं. पट्टा सैल पडला की बॅटरी उपाशी राहायची आणि तक्रार यायची, "बॅटरी खराब आहे." बॅटरी बदलून पट्टा तसाच ठेवला की नवी बॅटरीही त्याच वाटेनं जायची. तुझ्या ट्रॅव्हलर गाडीत हेच झालंय असा माझा पक्का अंदाज आहे.

दीड-एक वर्षापूर्वी तुम्ही 150 एएचच्या (अँपिअर-अवर) दोन ट्युब्युलर लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या बसवल्या. बॅटऱ्या वाईट नव्हत्या. माझ्या गॅलरीत तशीच एक आहे. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, त्या दिवशी आमचा पंखा तिच्यावरच चालला. पण घरच्या बॅटरीचं आयुष्य वेगळं असतं. ती दिवसरात्र मेनवर, कायम भरलेली. वर्षातून पाच-सहा वेळा तिला काम पडतं आणि वीज आली की तिला पुन्हा पोटभर मिळतं. लेड-अ‍ॅसिडला हेच मानवतं. 1859 साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी ती पहिल्यांदा केली, तेव्हापासून तिचा स्वभाव बदललेला नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत ठेवली की प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. ताजं असेपर्यंत चार्जिंगनं ते विरघळतं. महिनोन् महिने राहिलं की त्याचे खडे होतात आणि मग प्लेटा चार्जिंग धरतच नाहीत.

तुमच्या गाडीत तिला काय मिळालं, बघ. इंजिन चालू असताना एका रिलेतून लांब वायरनं अल्टरनेटरचा करंट मागे येतो. अल्टरनेटर 14 व्होल्ट देतो, वाटेत थोडे जातात, बॅटरीपाशी साडेतेरा उरतात. ट्युब्युलर पूर्ण भरायला 14.4 च्या आसपास लागतात आणि तेही कित्येक तास. सहा-सात तासांच्या प्रवासात ती वरवर भरते, पूर्ण कधीच भरत नाही. त्यात मागचा पावसाळा! जून ते सप्टेंबर गाडी बोरिवलीला सोसायटीच्या आवारात उभी. म्युझिक सिस्टिम, अलार्म, इन्व्हर्टरचा स्टँडबाय, सगळं थोडं थोडं पीत होतं. चार महिने ती बॅटरी उपाशी उभी होती. गुहागरला तिनं दगा दिला ते मे महिन्यात, पण ती संपली होती आधीच्या पावसाळ्यात. आता त्याच जागी, त्याच वायरवर, पावसाच्या तोंडावर तशाच दोन बसवल्या तर पुढच्या मे महिन्यात तू मला पुन्हा फोन करशील.

म्हणून दुकानात जाण्याआधी एक वही घे आणि गाडीचा एक पूर्ण दिवस मांड. मी ताईकडून ऐकून ढोबळ मांडला आहे, चुकलं तर दुरुस्त कर. फ्रीज 45 वॉटचा, उन्हाळ्यात साधारण निम्मा वेळ चालतो असं धरलं तर चोवीस तासांत 540 वॉट-अवर. 20 वॉटचे दोन पंखे दहा तास, म्हणजे 400. दिवे 100. पाण्याचा पंप जेमतेम 20. तुमचे फोन, निखिलचा लॅपटॉप 140. बेरीज 1200. चार्जर न मिळता, ढगाळ हवेत दोन दिवस निघावेत अशी अपेक्षा धर, म्हणजे 2400.

आता हाच आकडा बॅटरीच्या भाषेत. लेडची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, नाहीतर तिचं आयुष्य भराभर घटतं. म्हणजे 2400 हवे तर 4800 ची बॅटरी हवी. 12 व्होल्टवर 400 एएच, दुकानात मिळतात तशा 150 च्या तीन. अ‍ॅसिडसकट एकेक साठ किलोच्या घरात. मागच्या आसावर पावणेदोनशे किलो! शिवाय ट्युब्युलर भरताना हायड्रोजन सोडते. हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. आमच्या डब्यांच्या पेट्या बाहेर, उघड्या हवेत होत्या. तुमची पेटी ताईच्या बिछान्याखाली आहे, केतकी. मला हे आधी कळलं असतं तर मी ती तिथे बसवू दिली नसती. सीलबंद जेल किंवा एजीएम घेतली तर गॅसची भीती पुष्कळ कमी होते, पण वजन आणि उपाशी राहिल्यावरचं दुखणं तेच.

म्हणून माझं मत लिथियमचं आहे. मी जन्मभर लेडवर हात काळे केले, तरी सांगतो. पण 'लिथियम' एवढंच बोलून दुकानातून काही उचलू नकोस. तुला हवी ती लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानात 'एलएफपी' किंवा 'लाइफपीओफोर' म्हणतात ती. जॉन गुडइनफ यांच्या टेक्ससमधल्या प्रयोगशाळेतून 1990 च्या दशकात हे रसायन पुढे आलं. लिथियम बॅटऱ्यांवरच्या कामासाठी त्यांना 2019 चं नोबेल दोघांबरोबर विभागून मिळालं, तेव्हा ते 97 वर्षांचे होते. 2022 मध्ये आपल्याकडे ई-स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या आणि तेव्हापासून ताई 'लिथियम' शब्दालाच घाबरते, तिला हे वाचून दाखव: फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, तो तापल्यावर सहज सुटत नाही, त्यामुळे ही बॅटरी निकेल-कोबाल्टवाल्या लिथियमसारखी चटकन भडकत नाही. गैरवापर केला तर कुठलीही बॅटरी धोक्याची, पण माणूस जिच्या शेजारी झोपतो अशा गाडीत मी हीच बसवेन.

तिचे चार सेल, 3.2 व्होल्टचा एकेक, मिळून 12.8. 200 एएच म्हणजे 2560 वॉट-अवर आणि त्यातले नव्वद टक्के बिनघोर वापरता येतात, म्हणजे 2300. तुझ्या दोन दिवसांना जवळजवळ पुरलं, आणि वजन पंचवीस किलोच्या आसपास. महाग आहे, मान्य. पण नीट वापरली तर दोन हजारांवर वेळा भरते-उतरते, तुमच्या वर्षाकाठच्या पन्नास-साठ रात्रींना ती गाडीपेक्षा जास्त टिकेल. यापेक्षा मोठी घेऊ नका. निखिलच्या मनात एसी आहे, हे मला माहीत आहे. एक टनाचा एसी हजार-बाराशे वॉट खातो, ही सगळी बॅटरी तो दोन तासांत संपवेल. एसी हवा असेल त्या रात्री प्लग मिळेल अशा ठिकाणी मुक्काम करा. 2021 च्या राज्याच्या कॅरॅव्हॅन धोरणात कॅरॅव्हॅन पार्कची सोय धरली आहे, पण तुम्ही थांबता देवळाच्या आवारात, कुणाच्या वाडीत. तिथे पंख्यावरच भागवायचं.

लॅमिंग्टन रोडला स्वस्तात पॅक बांधून देणारे भेटतील. काही चांगले आहेत, काही जुन्या गाड्यांतले काढलेले सेल नव्या पेटीत घालतात. बाहेरून कळत नाही. म्हणून तीन गोष्टी. पेटी वजन करून घे, 200 एएचची पेटी दहा-बारा किलोची भरली तर आत काय आहे ते उघड आहे. बीएमएस किमान 100 अँपिअरचा आहे का ते लेखी घे, कारण सेलना जास्त भरण्यापासून आणि जास्त उतरण्यापासून वाचवणारा तोच. आणि पूर्ण भरून 10 अँपिअरचा लोड लाव. वीस तास चालायला हवी, अठराच्या आत बंद पडली तर परत कर. वॉरंटीच्या कार्डावर गाडीतला वापर चालतो असं लिहिलंय का, तेही वाच. आणि एकच बॅटरी बदलू या, दुसरी अजून बरी आहे, असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. जुनी नवीला घेऊन बुडते.

पण बॅटरीआधी वायरिंग. हा पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. लिथियम इतक्या हपापल्यासारखी करंट घेते की थेट जोडली तर गाडीचा अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा, 30 अँपिअरचा पुरे. तो अल्टरनेटरला सांभाळतो आणि मागच्या बॅटरीला हवे तेवढे व्होल्ट पक्के देतो. तुमचा पट्टा सैल होता तो इथे. छपरावर 200 वॉटचं सोलर पॅनेल, एमपीपीटी कंट्रोलरसह, उन्हाळ्यात दिवसाला सहा-सातशे वॉट-अवर देईल, फ्रीजचं तरी सुटलं. पावसात त्याच्यावर भिस्त ठेवू नका. फ्रीजची वायरही बदला. मागे मी पाहिली ती एक चौरस मिलिमीटरची होती. जाऊन-येऊन दहा मीटर अंतर आणि 4 अँपिअर धरले तर 0.7 व्होल्ट वायरीतच जातात. बॅटरीत 12 असताना फ्रीजला 11.3 दिसतात, सुरू होताना त्याहून कमी, आणि तो स्वतःला बंद करतो. गुहागरच्या रात्री बॅटरीत थोडा जीव होताही कदाचित, पण फ्रीजपर्यंत तो पोचला नाही. चार चौरस मिलिमीटरची घाला. इन्व्हर्टरला 35 ची, आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज. फ्यूजशिवाय त्या पेटीला हात लावायचा नाही, कुणीही.

घाई यासाठीही नको की पावसाळा तोंडावर आहे. गाडी आता गणपतीपर्यंत बहुधा उभीच राहणार. या दोन महिन्यांत वायरिंग करून घ्या, बॅटरी गणपतीला गावी निघण्याआधी घ्या. आणि नवी आल्यावर ठेवण्याची रीत उलटी आहे, हे लक्षात ठेव: लेडला भरल्या पोटी ठेवायचं, लिथियमला अर्ध्या पोटी. पन्नास-साठ टक्क्यांवर आणून, आयसोलेटर फिरवून, सगळ्यापासून तोडून ठेव. उन्हात गाडी बंद करून ठेवली तर काचा बोटभर खाली. इंजिनपासून दूर, सीटखाली, वारा लागेल अशी जागा मी मापून देतो.

जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नकोस. गल्लीत शिसं वितळवणाऱ्यांच्या मुलांच्या रक्तात ते शिसं जातं. 2022 च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, कंपनीच्या अधिकृत डीलरकडे दे, शिशाचे पैसेही मिळतील.

ताईला सांग, तोपर्यंत कुठे निघालात तर इन्सुलिनची एक पेन रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये वेगळी ठेवायची, कापडात गुंडाळून, बर्फाला थेट टेकू न देता. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

रविवारी गाडी घेऊन मुलुंडला ये. क्लॅम्प मीटर, हायड्रोमीटर माझ्याकडे आहेत, वहीत एकेक सेलचा आकडा लिहू. शनिवारी रात्री आठनंतर मात्र गाडीतलं काहीही लावू नकोस, चार्जरही नाही. रात्रभर स्वस्थ राहिलेल्या बॅटरीचाच व्होल्टेज खरा असतो. 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. मुलुंडला पोचलात की इंजिनच्या बॅटरीवर मागचा रिले किती करंट ओढतो ते बघू, पण मागच्या दोघींचा आकडा तू सकाळी निघण्याआधी, इंजिन सुरू करण्याआधी घे आणि लिहून आण.

तुझा,
मामा