गाडीची किंमत उतरते, खर्च उतरत नाही

जुन्या आलिशान गाडीबद्दल एक साधी गोष्ट विकणारा कधी सांगत नाही. वय वाढलं की तिची किंमत उतरते, पण तिचे सुटे भाग, ऑइल, टायर, मजुरी हे सगळं नव्या गाडीच्याच भावाने चालतं. अठरा लाखांना घेतलेली गाडी गॅरेजमध्ये गेली की पुन्हा साठ लाखांची होते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. गाड्यांशी माझा संबंध स्कूटीपुरता. पण माझ्या बहिणीच्या मुलाचं मन गेल्या पावसाळ्यात एका पोर्शे कायेनवर बसलं आणि त्याच्या अम्मीने मला मध्ये घातलं. त्यामुळे हा विषय मला शिकावा लागला. शिकलेलं चार लोकांना सांगायचं, ही आमच्या पेशाची सवय.

गाडी २०१३ ची, डिझेल, दिल्लीच्या नंबरची. गंगापूर रोडवरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात उभी होती. रंग काळा, आत तपकिरी चामडं. किंमत अठरा लाख. भाचा म्हणाला, “खाला, इतने में तो क्रेटा आती है!” हिशेब बरोबर होता, फक्त तो दुकानाच्या दारापर्यंतचाच होता.

पहिला प्रश्न, दिल्लीची गाडी नाशिकला का आली? दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्या दिल्ली आणि आसपासच्या भागात चालवू नयेत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुढे त्यात फेरबदल झाले, पण तोवर तिथल्या कितीतरी महागड्या डिझेल गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत गेल्या होत्या. अशी गाडी घेतली की तिकडच्या आरटीओची एनओसी आणायची, इथे नव्याने नोंदणी करायची आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरायचा. पंधरा वर्षं झाली की पुन्हा नोंदणीचं नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स. अठरा लाखांत यातलं काहीच धरलेलं नव्हतं.

दुसरा प्रश्न गाडीच्या तब्येतीचा. द्वारकाजवळ आमच्या ओळखीचे एक उस्ताद आहेत, तीस वर्षं त्यांचे हात ग्रीसमध्ये आहेत. त्यांनी मला समजावलं ते असं. अशा बऱ्याच गाड्यांना लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराच्या हवेच्या पिशव्या असतात. दहा-बारा वर्षांत रबराला बारीक चिरा पडतात आणि हवा सुटायला लागते. सकाळी गाडी एका कोपऱ्याने बसलेली दिसते. मग ती उचलून धरायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि शेवटी तोही जळतो. एक पिशवी वेळेवर न बदलल्यामुळे दोन भागांचा खर्च येतो.

कायेनच्या त्या पिढीत चारही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसची तक्रार ठाऊक असलेली. कमी वेगात हलका अॅक्सिलरेटर दिला की गाडी अडखळल्यासारखे झटके देते. दुकानदाराच्या पाच मिनिटांच्या चकरीत ते कळेलच असं नाही. त्याआधीच्या पेट्रोल व्ही-८ कायेनची खोड तर जगभर प्रसिद्ध आहे. इंजिनाच्या वरच्या भागाखालून जाणारे कूलंटचे पाइप प्लास्टिकचे होते. उष्णतेने ते ठिसूळ होऊन फुटायचे. पुढे लोक अॅल्युमिनियमचे पाइप बसवून घेऊ लागले. कसारा घाट चढताना तो पाइप फुटला तर काय होईल, याची कल्पना नाशिककराला देण्याची गरज नाही. पॅनोरमिक सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या नळ्या तुंबतात. आपल्याकडच्या पावसात ते पाणी गालिच्याखाली, वायरिंगपर्यंत पोचतं.

“आणि बिमा?” बहिणीने विचारलं. बिमा अपघाताचा असतो, झिजेचा नसतो. पिशवी फाटली, कॉम्प्रेसर जळला, गिअरबॉक्स बसला, तर नेहमीच्या पॉलिसीतून एक रुपया मिळत नाही. दीड हजार सीसीवरच्या गाडीचा थर्ड पार्टीचा हप्ताच २०२२ मध्ये ठरलेल्या दराने वर्षाला ७,८९७ रुपये, त्यावर जीएसटी. बाकीचा विमा वेगळा. डिझेल असल्यामुळे इंधन तरी परवडेल, हे भाच्याचं म्हणणं खरं होतं. पेट्रोल व्ही-८ शहरात लिटरला पाच किलोमीटर देते असं धरलं, तर महिन्याच्या हजार किलोमीटरला दोनशे लिटर लागतात. शंभराच्या वरच्या भावाने ते वीस हजारांच्या पुढे जातं.

उस्तादांचा सल्ला एका वाक्याचा होता: “किंमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम बाजूला ठेवता येत असेल तरच गाडीला हात लावायचा.” म्हणजे सहा लाख. भाच्याकडे अठराच जमत नव्हते. सहा लाख तो जुनी इनोव्हा विकून आणणार होता, बाकीचं कर्ज. जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त असतं. ज्या घरात व्याजाचं नाव काढलं तरी अब्बू उठून जायचे, तिथे ही गोष्ट हळू आवाजात चालली होती.

मी त्याला इसराफवर व्याख्यान देणार होते. पण तो जे बोलला त्याने मी गप्प झाले. दोन वर्षांपूर्वी तो याच रोडवर भाड्याने फ्लॅट बघायला गेला होता. दोन ठिकाणी नाव ऐकल्यावर फ्लॅट ‘आधीच दिलेला’ निघाला. तो म्हणाला, “खाला, त्या गाडीतून उतरणाऱ्याला वॉचमनसुद्धा सलाम करतो.” ह्याला फिजूलखर्ची म्हणून मोकळं होता येत नाही. मी त्याला एवढंच विचारलं, “आणि ती गाडी तीन महिने गॅरेजमध्ये उभी राहिली, हप्ते चालू राहिले, तर त्या महिन्यांत तू कशातून उतरशील?” तो हसला नाही, पण चिडलाही नाही.

दुकानदाराला आम्ही एकच मागणी केली. गाडी एक दिवस उस्तादांकडे लिफ्टवर चढवू द्या आणि पोर्शेच्या सेंटरमधला सर्व्हिसचा इतिहास दाखवा. उत्तर आलं, “गाडी आमच्याकडे चेक झालेली आहे.” इतिहासाची फाइलही आली नाही. विषय तिथेच संपला.

आपल्याकडे मालातल्या दोषाला ‘ऐब’ म्हणतात. फिकहमध्ये ‘खियार-ए-ऐब’ आहे: लपलेला दोष निघाला तर घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क. आणि ऐब ठाऊक असताना तो लपवून विकणं नाजायज. देशाचा १९३० चा मालविक्री कायदा काही अपवाद सोडले तर घेणाऱ्यालाच सावध राहायला सांगतो. मुद्दाम दोष झाकणं मात्र १८७२ च्या करार कायद्यातही फसवणूकच. हे मी भाच्याला सांगत होते, तेव्हा त्याची अम्मी मध्येच म्हणाली, “और अपनी इनोव्हा का एसी?”

इनोव्हाचा एसी तासाभरानंतर गार करणं सोडतो. जाहिरातीत त्याचा उल्लेख नव्हता. जवळच्या शेतकरी कुटुंबाने गाडी बघितली, आवडली. भाच्याने चावी देण्याआधी एसीचं सांगितलं. त्यांनी आपसात बोलून चाळीस हजार कमी केले आणि गाडी घेतली.

आता तो त्या पैशात थोडी भर घालून, कर्ज न घेता, दुसरी इनोव्हा शोधतो आहे. लिफ्टवर चढवू देणारा दुकानदार भेटेपर्यंत घाई नाही.