सुटकेची उपमा

दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात मन मोकळं होण्याचं सुख बुद्ध पाच उपमांनी सांगतात. चित्ताला झाकणारी पाच नीवरणं गळून पडली की साधकाला वाटतं, कर्ज फिटलं, दुखणं बरं झालं, बंदिवास संपला, दास्य सरलं, भयाण रानवाट ओलांडून आपण सुखरूप गावाला लागलो. सावकार, तुरुंग, मालक: यांतली किती बंधनं समाजाने आणि राज्याने घातलेली आहेत! बाहेरची सुटका क्षुल्लक असती, तर आतल्या सुटकेची गोडी तिच्या भाषेत सांगताच आली नसती.

यावर कुणी म्हणेल, बेडीतही मन शांत ठेवता येतं. मग राजकीय स्वातंत्र्याची एवढी मातब्बरी कशाला? उत्तर भिक्षुसंघाचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकातच आहे. कर्जदार, दास आणि राजाच्या चाकरीतला सैनिक यांना प्रव्रज्या, म्हणजे संघात प्रवेशाची दीक्षा, देऊ नये, असे नियम त्यात आहेत. ज्या परंपरेतल्या सामञ्ञफलसुत्तात राजा अजातशत्रू आपल्याच दासाला, तो श्रमण झाल्यावर, उठून अभिवादन करायला तयार होतो, त्याच परंपरेत धन्याने सोडल्यावाचून दासाला संघाचं दार उघडत नव्हतं. संघाने इथे सत्तेपुढे आणि मालकीपुढे मान तुकवली, हा आक्षेप खरा आहे. तो झाकू नये. पण त्यातूनच हेही दिसतं, की पायातली बेडी माणसाला ध्यानाच्या उंबरठ्यापर्यंतही पोचू देत नाही.

मग कायदा पुरेसा आहे का? बाबासाहेब आंबेडकरांचं आयुष्य याचं उत्तर देतं. 20 मार्च 1927 रोजी महाडला अस्पृश्यांना नाकारलेलं चवदार तळ्याचं पाणी त्यांच्या ओंजळीत आलं. पुढे संविधानाच्या 17व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. वाकवणाऱ्याचा हात कायदा धरू शकतो. वाकायची सवय जडलेलं मन आणि वाकवण्यात सुख मानणारं मन, दोन्ही बदलायला धम्म लागतो. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असं त्यांनी 1954 साली आकाशवाणीवर सांगितलं होतं, ते याच अर्थाने समजून घ्यायला हवं.

स्वतःच्या बेडीत मन शांत ठेवणं हे धैर्य आहे. दुसऱ्याच्या पायात बेडी असताना त्याला शांतीचा उपदेश करणं हा मात्र अधर्म आहे. आधी त्याची बेडी काढावी, मग त्याच्या शेजारी ध्यानाला बसावं.